जलपर्णी परत का येते: आधी पाइप शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षं गटाने मिळून जलपर्णी काढली, काठ झाडले, तरी दर वेळी चार-पाच महिन्यांत तळं पुन्हा झाकलं गेलं. आता वर्गणी जमली आहे. ती कारंज्याला लावावी, बाजारातल्या जीवाणूंच्या कल्चरला, की गाळ काढायला? मी सांगेन, या वर्षी यातल्या कशालाच लावू नका. पैसे जपून ठेवा आणि पाऊस नसताना तळ्यात पाणी कुठून येतं ते आधी शोधा.

आमच्या गटानेही दोन हंगाम तुमच्यासारखंच केलं. हाताला फोड येईपर्यंत जलपर्णी ओढली आणि वाळली की नेऊ म्हणून काठावरच ढीग रचले. ती वाळण्याआधी कुजली. पहिल्या पावसात ढिगांखालून काळपट पाणी निथळलं आणि ओघळ धरून परत तळ्यात उतरलं. आम्ही जे उपसलं होतं तेच तळ्याला परत मिळत होतं. ते बघताना जीव कसानुसा झाला होता. तेव्हा काढलेली जलपर्णी त्याच दिवशी, उतार तळ्याकडे नसेल अशा जागी न्या, एवढं तरी आमच्याकडून घ्या.

आता मूळ कारण. तळं माजतं, म्हणजे त्यात जलपर्णी-शेवाळ फोफावतं, ते मुख्यतः फॉस्फरस या पोषकद्रव्यावर. पाण्यात लिटरमागे 0.02-0.03 मिलिग्रॅम फॉस्फरससुद्धा शेवाळाला पुरतो. घरगुती सांडपाण्यात तो साधारण 5 ते 10 मिलिग्रॅम असतो, म्हणजे शेकडो पट. ढोबळ हिशेबाने 1 किलो फॉस्फरसवर 500 किलो ओलं शेवाळ पोसलं जातं. कॅनडात संशोधनासाठी राखून ठेवलेली सरोवरं आहेत, त्यातलं 226 क्रमांकाचं सरोवर 1973 मध्ये मधोमध पडदा लावून दुभागलं होतं. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. ती बाजू हिरवीगार झाली, दुसरी निवळ राहिली. वरून घेतलेला तो फोटो तुमच्या बैठकीत जरूर दाखवा.

कारंजं ऑक्सिजन देतं, त्यामुळे मासे तगतात, दुर्गंधी कमी होते. पण फॉस्फरस तिथेच राहतो. कल्चरचंही तसंच. तळ्यात जीवाणूंची कमतरता कधीच नसते, वरून आणखी ओतून येणारी घाण थांबत नाही.

मग पाइप शोधायचे कसे? पाऊस थांबून किमान तीन दिवस झाले की काठाने पूर्ण फेरी मारा. अशा दिवसांत पावसाळी गटाराच्या तोंडातून पाणी येता कामा नये. येत असेल तर तिथे थांबा. साबणाचा फेस, राखाडी रंग, दगडांवर धरलेली बुळबुळीत करडी साय, हाताला लागणारी किंचित ऊब, या सगळ्या खुणा आहेत. (हातमोज्यांशिवाय हात लावू नका.) तरी खात्री नसेल तर बादली आणि घड्याळ घेऊन पाळीपाळीने दिवसरात्र बसा. दर तासाला बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. सकाळी धार फुगत असेल आणि मध्यरात्रीनंतर बारीक होत असेल तर ते घरांमधलं पाणी आहे. चोवीस तास धार सारखीच राहिली तर बहुधा झरा किंवा फुटलेली जलवाहिनी. आमच्याकडे सात तोंडं तपासली, पाच कोरडी निघाली. एक झरा होता. आणि एकाच पाइपातून, सकाळी आठच्या सुमाराला, बादली अकरा सेकंदांत भरत होती. दोन वर्षं आम्ही त्या पाइपापासून हाकेच्या अंतरावर जलपर्णी ओढत होतो.

तिथून चेंबर-चेंबर करत वर चाला. बऱ्याचदा कुणाचा वाईट हेतू नसतो. घर वाढवताना न्हाणीघराचा पाइप जवळच्या पावसाळी गटाराला जोडलेला असतो, किंवा सेप्टिक टँक वर्षानुवर्षं उपसलेली नसते आणि तिचं ओसंडणारं पाणी गटार धरतं. लोकांच्या दारी तक्रार घेऊन जाऊ नका, नकाशा घेऊन जा. आपला पाइप तळ्यात जातोय हे बहुतेकांना माहीतच नसतं, आणि कळल्यावर वाईट वाटतं.

तळ्याची तब्येत बघायची तर सूर्योदयाच्या आधी जा. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे तेव्हाचा आकडा मस्त दिसतो आणि फसवतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करत असतील तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फार कमी झाला आहे. बऱ्याच माशांना लिटरमागे 4-5 मिलिग्रॅम तरी लागतो.

पाइप बंद करून ते पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवलं की काम संपलं, असं आम्हाला वाटलं होतं. तसं नसतं. केंद्र चालू आहे की नुसतं उभं आहे, हेही बघावं लागतं. 1914 मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली आणि खाली बसलेला गाळ न फेकता पुढच्या घाणीसाठी ठेवला. सुरुवातीला जे काम पूर्ण व्हायला पाच आठवडे लागले, ते साठवलेल्या गाळामुळे एका दिवसाच्या आत होऊ लागलं. आजही बहुसंख्य केंद्रं त्याच तत्त्वावर चालतात. त्या गाळातल्या जीवाणूंना सतत हवा लागते, आणि वाढलेला गाळ वेळोवेळी काढावा लागतो. म्हणून केंद्राला भेट द्याल तेव्हा चकचकीत फलकांपेक्षा दोन वह्या मागा: विजेची आणि गाळ बाहेर नेल्याची. विजेचा साधारण निम्मा खर्च हवेवर होतो. ब्लोअर, म्हणजे हवा सोडणारे पंखे, रात्री बंद ठेवले जात असतील तर ते विजेच्या नोंदीत दिसतं. आणि महिनोन्महिने गाळाची एकही गाडी गेली नसेल, तर तो गाळ बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर जातोय.

तिथल्या ऑपरेटरला एक साधी चाचणी दाखवायला सांगा. वायुवीजन टाकीतलं (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात तिथलं) पाणी एक लिटरच्या काचेच्या उभ्या भांड्यात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवायचं. तब्येत चांगली असेल तर गाळाचे तपकिरी पुंजके एकमेकांना धरून खाली बसतात आणि वर निवळ पाणी राहतं. वर गढूळ राहिलं किंवा गाळ खाली बसलाच नाही, तर काहीतरी बिघडलंय. आम्हाला ही चाचणी ज्याने दाखवली, तो ऑपरेटर चार वर्षं एकटाच ती करत होता, कुणी कधी विचारलं नव्हतं. अशा माणसाशी भांडू नका, त्याची गरज वर पोहोचवा.

आणखी एक: साध्या जैविक प्रक्रियेत फॉस्फरस फारसा निघत नाही. प्रक्रिया केलेलं पाणीसुद्धा शक्यतो लहान तळ्यात सोडू देऊ नका. ते बागेला, झाडांना वापरा, नाहीतर फॉस्फरस काढायची सोय मागा. सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये प्रक्रिया केलेलंच पाणी जात होतं, तरी 1955 मध्ये तिथे निळ्या-हिरव्या शेवाळाने डोकं वर काढलं. ते पाणी दुसरीकडे वळवायची योजना 1958 मध्ये लोकांनी पहिल्या मतदानात नाकारली, सहा महिन्यांनी मंजूर केली. 1963 ते 1968 दरम्यान सगळं पाणी वळवलं आणि काही वर्षांतच सरोवर निवळलं.

लहान वस्तीला मोठं केंद्र परवडत नसेल तर सेप्टिक टँकनंतर खडी आणि पाणकणीस-कर्दळ लावलेला वाफा चांगला चालतो. हवामानाप्रमाणे माणशी 1 ते 5 चौरस मीटर जागा धरा. आधी मैला नीट बसू दिला नाही तर खडी तुंबते.

तळ्यातल्या गाळाचं शेवटी बघा. पाइप बंद झाल्यावरही जुना गाळ फॉस्फरस सोडत राहू शकतो. स्वीडनच्या ट्रुमेन सरोवरात 1950 च्या दशकाअखेर सांडपाणी थांबवलं तरी फरक पडेना, 1970-71 मध्ये सुमारे एक मीटर गाळ काढल्यावर पाणी सुधारलं. तेव्हा दोन हंगाम थांबा, मग गरज असेल तर तुमची वर्गणी तिथे लावा. काठ मात्र काँक्रीटने बांधू देऊ नका.

आणि हात जोडून सांगतो, शोध घेताना कुणीही चेंबरमध्ये उतरायचं नाही, डोकंही आत घालायचं नाही. आतला विषारी वायू जास्त असेल तर त्याचा वास येणंच बंद होतं आणि माणूस जागेवर कोसळतो. झाकण उघडायचं तर संबंधित कर्मचाऱ्यांना बोलवा, आणि तुम्ही दोन पावलं मागे उभे राहून फक्त धार मोजा.