उत्तर कसब्यातल्या वाड्यात सापडलेली, बाहेरून हिरवी अन् आतून दुधी काचेची, वातीच्या दिव्याची शेड कुठली आणि किती जुनी?

नुसत्या रंगावरून काही ठरवू नका, अशा शेडच्या नकला आजही बनतात. आधी कड उजेडात धरा. हिरवा आणि दुधी असे दोन थर एकमेकांत मुरलेले दिसले, तर ती दुपदरी फुंकीव काच आहे. नखाने पापुद्रा निघाला तर निव्वळ रंग. दिव्याच्या कडीत बसणारी कड घासून खरखरीत केलेली असेल आणि तिथे पितळेच्या कडीचे काळपट वळ असतील, तर शेड खरंच वर्षानुवर्षं वापरलेली आहे. असे वळ मुद्दाम उठवणं अवघड.

मग शिक्का शोधा. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ नंतरची, ‘वेस्टर्न जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरची. काचेवर काहीच नसेल तर दिव्याच्या बर्नरची, म्हणजे वात बसते त्या भागाची, वात वर-खाली करायची चावी पाहा, नाव बहुधा तिथेच कोरलेलं असतं. मात्र बर्नर नंतर बदललेला असू शकतो.

‘ओगले’ दिसलं तर माल आपल्याकडचाच! कराडजवळच्या ओगलेवाडीचा हा कारखाना १९१६ चा.

आणि कृपा करून ती गरम पाण्याने धुऊ नका. दोन थर कमी-जास्त प्रसरण पावले की तडा जातो.