लिनक्सवर ईएक्सटी४ फाइल सिस्टमची डिस्क माउंट होत नाही (म्हणजे वापरायला उघडत नाही), 'बॅड सुपरब्लॉक' येतंय (सुपरब्लॉक म्हणजे फाइल सिस्टमची मूळ माहिती ठेवणारा ब्लॉक). सरळ एफएसचेक (fsck, फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) -वाय मारू का, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला आपोआप हो?

नाही. मूळ डिस्कवर तर मुळीच नाही. आधी डीडीरेस्क्यूने (बिघडत्या डिस्कवरून डेटा उतरवणारं टूल) अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसरीकडे घ्या (कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल द्याच), आणि पुढचे सगळे प्रयोग त्या इमेजच्या प्रतीवर करा.

ठासून सांगतोय, कारण ऑफिसात याच मुद्द्यावर माझं वाजलंय. साइटवरच्या फोटोंची डिस्क करकर करायला लागली होती. मी डीबगएफएस -सी (डिस्कवर काही न लिहिता फाइल सिस्टम आतून बघण्याची कमांड) लावून पाहिलं, तर फोल्डरांची नावं तारखांसकट दिसत होती. म्हटलं, रात्रभर इमेज होऊ दे. सीनियर म्हणाले, एवढा वेळ कुठाय, आणि थेट -वाय मारलं. 'ब्लॉक वाचता येत नाही, दुर्लक्ष करू?' हो. 'फोर्स रीराइट?' हो. सगळ्याला आपोआप हो. शेवटी फोल्डर गायब आणि लॉस्ट+फाउंडमध्ये (एफएसचेकला बेवारस सापडलेल्या फाइलींचा फोल्डर) #१३१०७४ छापाच्या नावांचा ढीग.

ते अजून म्हणतात, 'डिस्क जाणारच होती.' डिस्क गेली असती, पण नावं तोवर वाचता येत होती! फोर्स रीराइटला हो म्हटलं की वाचताना जे अर्धवट हाती लागलं तेच परत त्या ब्लॉकवर लिहिलं जातं. तो ब्लॉक डिरेक्टरीचा (फोल्डरचा) असला की नावं संपली, कारण आयनोडमध्ये (फाइलची बाकी माहिती असलेल्या नोंदीत) फाइलचं नाव नसतंच.

'रीड-ओन्ली माउंट करून बघू, काय बिघडतंय' हेही तेच म्हणायचे. जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) अर्धवट असेल तर नुसत्या आरओनेही (रीड-ओन्ली) ईएक्सटी४ ते रीप्ले करतं, म्हणजे डिस्कवर लिहितं. माउंट करताना आरओ,नोलोड (ro,noload) द्या, म्हणजे जर्नल रीप्ले होत नाही. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टम असेल तर आरओ,नोरिकव्हरी (ro,norecovery).

सुपरब्लॉकबद्दल: पार्टिशन सोडून अख्खी डिस्क तर माउंट करत नाही ना, ते आधी बघा. ब्लॉक ४ केबीचे असतील तर बॅकअप सुपरब्लॉक बहुधा ३२७६८ वर सापडतो. इमेजच्या प्रतीवर ई२एफएसचेक (e2fsck, ईएक्सटी४साठीचं एफएसचेक) -बी ३२७६८ चालवा. बॅकअपच्या जागा शोधायला एमकेई२एफएस (mke2fs, फॉरमॅट करणारी कमांड) -एन वापरतात, पण -एन टाकायचं राहिलं तर थेट फॉरमॅट होईल.

हां, डिस्क धडधाकट असेल आणि नुसती वीज गेल्यामुळे हे झालं असेल, तर साध्या एफएसचेकने बहुतेकदा भागतं. पण ते स्मार्टसीटीएलचे (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) आकडे पाहून ठरवा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचता न येणाऱ्या जागांची संख्या) शून्याच्या वर दिसला तर आधी इमेज, मग मागे उभं राहून कोणी कितीही घाई करो.