क्रिएटिनिन २.१ आलंय, आता डायलिसिस लागणार का?

मिरजेत किडनीच्या ओपीडीत समुपदेशन करते, तिथं हा प्रश्न जवळपास रोजचाच. तासगावकडचे एक काका आले होते, वय ५८, शुगर बरीच वर्षं, घरची द्राक्षबाग. आधीचं क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी तो गाळून बाहेर टाकते) १.८, आता २.१ आणि पोटॅशियम ५.९. रिपोर्टवरचे लाल बाण बघून पोरगा रात्रभर मोबाईलवर वाचत बसलेला, काकूंचे रडून डोळे सुजलेले.

मी जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले आणि विचारलं, काका त्या आठवड्यात काय काय चाललं होतं? मग एकेक निघालं. बेदाण्याचं काम, दिवसभर शेडवर उन्हात, पाणी नावालाच, कंबर धरली म्हणून मेडिकलमधनं पेनकिलर आणून चार दिवस खाल्लेली आणि येता-जाता मूठभर बेदाणा तोंडात. पाणी कमी आणि वरनं असली गोळी, क्रिएटिनिन चढणारच की. बेदाण्यात पोटॅशियम भरपूर, शिवाय रिपोर्टखाली बारीक अक्षरात 'सॅम्पल हिमोलाइज्ड' लिहिलेलं, म्हणजे रक्तातल्या पेशी फुटून त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं की आकडा खोटाच वाढतो. पण तसंच असेल म्हणून घरी बसायचं नाही हां, खरंच वाढलेलं असलं तर हार्टला धोका, म्हणून डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, सॅम्पल परत घेतलं. ५.१ आलं.

काकूंचं वेगळंच, "थोरल्या जाऊबाईंचं १.४ आहे, त्या चांगल्या हिंडत्यात, ह्यांचंच का असं?" म्हणलं काकू, क्रिएटिनिन स्नायूंतनं येतं. तिशीतल्या माणसाचं १.४ असलं तर ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज, जास्त तितका बरा) ७० च्या आसपास निघतो, तालमीतला पैलवान असेल तर किडनी त्याहून बरी असू शकते, आणि सत्तरीच्या बाईचं तेवढंच असलं तर ४० च्या आसपास. तेव्हा जाऊबाईंनाच एकदा दाखवून आणा.

काकांचा ईजीएफआर ४३ वरून ३६, दोन्ही वेळा स्टेज ३बी, म्हणजे किडनीच्या आजाराची मधली पायरी. डायलिसिस एकट्या क्रिएटिनिनवर ठरत नाही, सहसा ईजीएफआर १५ च्या खाली गेल्यावर धाप, सूज, उलट्या, औषधानं न उतरणारं पोटॅशियम असं सगळं बघून डॉक्टर ठरवतात.

पेनकिलर बंद झाली, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.९ आलं. मला खरी काळजी वेगळीच होती, लघवीतल्या अल्ब्युमिनची (प्रोटीनची) टेस्ट वर्षभर केलीच नव्हती, आणि शुगरवाल्यांत किडनी पुढं किती बिघडेल ते तिच्यातनंच बरंचसं कळतं. ती डॉक्टरांनी लिहून दिली. काकांचा प्रश्न मात्र एकच, बेदाणा पूर्णच बंद का? त्यांना डाएटिशियन मॅडमकडं पाठवलं.