शंकरपाळी तुपातली केली तर चालेल?

प्रश्न: ताई, मुलांना बेकरीची खारी न् शंकरपाळी रोज लागते, घरी साजूक तुपात केली तर हेल्दी होईल ना?

उत्तर: थोडी होईल, पण तूप आहे म्हणून डबाभर खायची नाही हं! बेकरीत वापरतात त्या डालड्यातला खरा व्हिलन ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला वाईट चरबी), 2022 पासून त्याला 2 टक्क्यांची मर्यादा आहे, तरी घरचं तूप बरंच, कॅलरी मात्र मोठ्या चमच्याला 120च्या आसपास असतातच. मैद्याऐवजी कणीक घ्या, वाटीभर दूध, अर्धी वाटी तूप, अर्धी वाटी गूळ कोमट करून त्यात मावेल तेवढी कणीक भिजवा आणि तळण्यापेक्षा ओव्हनला 180 डिग्रीवर 20 मिनिटं भाजा, जरा कडक होतात पण पोरं खातात. खारीच्या नादी लागू नका, माझे पापुद्रे आजवर सुटले नाहीत. त्यापेक्षा घाण्याच्या शेंगदाणा तेलात पातळ पोह्यांचा चिवडा करा, पोहे आधी कोरडेच भाजले की दोन चमचे तेल पुरतं.