‘लीड आली तरच पैसे’ हा जाहिरातीचा करार लहान दुकानदारानं करावा का?

तुमचं निपाणीत फर्निचरचं दुकान आहे आणि एजन्सी म्हणते, महिन्याची फी नको, लीडमागे, म्हणजे जाहिरात बघून चौकशी करणाऱ्याच्या नाव-नंबरामागे, 150 रुपये द्या. करा, पण ‘लीड’ कशाला म्हणायचं ते आधी कागदावर घ्या.

आमचं बेळगावात, शहापूरला साड्यांचं दुकान. मीही असाच करार केला होता. पहिल्याच महिन्यात दोनशेवर लीड आल्या, घरात कौतुक झालं. मग फोन लावायला बसलो. निम्मे लोक विचारतात, “कुठली साडी?” फेसबुकच्या फॉर्मात नाव-नंबर आधीच भरून येतो, बोट लागलं की झाली लीड. बिल मात्र पूर्ण आलं.

वडगावात विणकराला साडीमागे मजुरी मिळते, पण साडी पारखून घेतो व्यापारी. इथं विणणारा आणि पारखणारा एकच, एजन्सी!

पूर्वी हजार वेळा जाहिरात दिसली की अमुक पैसे, असा हिशेब असायचा. 2000 साली गूगलची जाहिरात सेवा ॲडवर्ड्सही तशीच सुरू झाली, 2002 मध्ये क्लिकमागे पैसे घेण्यावर आली. मग लीड, मग विक्री. प्रत्येक पायरीला जोखीम दुकानदाराकडून जाहिरातवाल्याकडे सरकते. आणि ज्याच्या डोक्यावर जोखीम, तो सोपी गिऱ्हाइकं शोधणार. लग्नाचा बस्ता बांधायला गोव्याहून येणारी मंडळी आमच्या दुकानाचं नाव टाकूनच शोधतात. त्यांच्यापुढे जाहिरात धरायची आणि ‘आम्ही आणलं’ म्हणायचं. ईबे या ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीनं 2012 मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद करून पाहिल्या, तर जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून आलेच.

दुसऱ्या करारात मी दोन गोष्टी घातल्या. दुकानाच्या नावावरचा शोध धरायचा नाही. आणि फोनवर येण्याचा दिवस सांगेल तीच लीड. दर चौपट झाला, तरी महिन्याचं बिल उतरलं. एजन्सीनं थोडी ठरलेली फी मागून घेतली, ती मला रास्त वाटली. फोटो-व्हिडिओला त्यांचाही खर्च होतोच.

विक्रीवर कमिशनचा आग्रह तुम्ही धरू नका. साडी त्याच आठवड्यात घेतली जाते, पण सोफा-कपाट घ्यायला माणूस दोन महिने लावतो, आणि फेसबुकचा रिपोर्ट साधारण क्लिकनंतरचे 7 दिवसच धरतो. तुमच्या धंद्यात मापं घेऊन कोटेशन दिलं, की तिथं पैसे लागू, असं ठरवा. कोटेशनची वही तुमच्याच गल्ल्यावर असते.