उठू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या) मीटिंगच्या दारात एका गृहस्थांनी विचारलं, "मिस्टर आत आहेत का? घरच्यांची मीटिंग पलीकडच्या खोलीत आहे," आणि तू "हो हो" म्हणत उलट्या पावली रिक्षात बसलीस. आधी हसले, मग रागावले. त्यांच्यावर नाही, तुझ्यावर.

अगं, मलाही हेच विचारलं होतं. महापालिकेची शाळा, चौथीच्या पोरांचे बुटके बाक, फळ्यावर अर्धवट पुसलेले पाढे आणि खोलीभर पुरुष. मी म्हटलं, "मिस्टर घरी आहेत, ते पीत नाहीत. मी पिते." सगळे गप्प. मग एका म्हाताऱ्या मेंबरने सरकून जागा करून दिली. मी बसले ती बसलेच.

उठू नकोस. सांगायचं एवढंच आहे.

तू म्हणतेस, बायकांचा ग्रुप शोधते, मिळाला की सुरू करते. शोध ना, कोण नको म्हणतंय? एएच्या हेल्पलाइनला फोन कर, एखाद्या बाई मेंबरशी बोलायचंय असं स्पष्ट सांग. ऑनलाइन बायकांच्या मीटिंगा होतात. पुण्यातच आहेस, तर मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी ‘निशिगंध’ विभाग आहे. पण मनासारखं काही मिळेपर्यंत मिळेल तिथे बस. यादीत पत्ता असला तरी निघण्याआधी फोन कर, शाळेच्या नि चर्चच्या खोल्या ऐनवेळी बदलतात. ओपन मीटिंगला कुणीही येतं, क्लोज्ड फक्त आपल्यासारख्यांची. तुला दोन्ही उघड्या. फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही, पिशवी फिरते तिच्यात टाकलं तर टाकलं. दारू सोडायची इच्छा हवी, बाकी अट नाही.

आणि सकाळी हात थरथरतात हे तू जाता जाता लिहिलंयस. ती जाता जाता लिहायची गोष्ट नव्हे. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावरही बेततं. आधी डॉक्टरकडे जा आणि किती पितेस ते खरं सांग, निम्मं करून नको. मीटिंग हे औषध नाही. औषध घेऊन मीटिंगला ये.

खोलीत सगळे पुरुष, ही तुझी मोठी तक्रार. 1935 साली अमेरिकेत एए सुरू झालं ते दोन पुरुषांनीच. मार्टी मान ही बाई 1939 साली न्यूयॉर्कच्या मीटिंगला गेली तेव्हा तिथेही जवळपास पुरुषच होते. सुरुवातीला ती पुन्हा प्यायलीही. पुन्हा आली, बसली. पुढे तिने उघडपणे स्वतःच्या नावानिशी सांगितलं की बाई दारुडी असू शकते, तो आजार आहे. तिला कुणी बायकांचा ग्रुप तयार करून दिला नव्हता गं!

मात्र स्पॉन्सर, म्हणजे तुला वाट दाखवणारी जुनी मेंबर, बाईच कर. नवीन मुलगी दिसली की फार मदतीला धावणारे एक-दोघे असतात. मीटिंगनंतरचा चहा सगळ्यांबरोबर घे, एकट्याची लिफ्ट घेऊ नकोस. तसं काही वाटलं तर दुसऱ्या ग्रुपला जा, पण घरी जाऊन बसू नकोस. ‘ईश्वर’ शब्द खटकतो म्हणतेस. प्रार्थनेला गप्प उभी राहा. मी कित्येक वर्षं तोंड मिटूनच उभी होते, कुणी बाहेर काढलं नाही.

मुलाच्या बारावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी मी मीटिंगला गेले होते. सासरी ते आजही निघतं, ‘आई आहे का कोण’ म्हणून. मुलगाही कधीकधी त्यांच्या बाजूने बोलतो, ते लागतं. पण त्या संध्याकाळी मी घरी थांबले असते तर दहाच्या आत कपाटामागे हात गेला असता, हे मला माहीत आहे, त्यांना नाही. उद्या त्याचं लग्न असलं तरी हळदीतून उठून तासभर जाईन. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. मला माझी खुर्ची माहीत आहे.

रविवारी पुन्हा त्याच ठिकाणी जा. तेच गृहस्थ दारात असतील, त्यांना सांग, "मिस्टर नाहीत, मीच." अर्धा तास आधी पोच, खुर्च्या मांडायला माणसं कमीच असतात. रांग मांडून झाली की कडेची एक धर. कपाळावर आठ्या घालून बसलीस तरी चालेल. बोलायची पाळी आली आणि नाही बोलावंसं वाटलं तर "आज फक्त ऐकते" म्हण. चहा होईपर्यंत मात्र हलू नकोस. आणि त्या बाई मेंबरला फोन रविवारच्या आधी कर, नंतर नाही.

तुझी,
मावशी