कॅनन १५००डी की निकॉन डी३५००: आधी काकांच्या लेन्सवरची अक्षरं वाचा

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची माहिती शेवटच्या ओळीत आली आहे. मुख्यतः घरात दीड वर्षाच्या मुलीचे फोटो काढायचे आहेत, जमेल तेव्हा पक्षी, आणि निवड कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० यांच्यात अडली आहे. मग तुम्ही लिहिता की काकांकडे फिल्म कॅमेऱ्याच्या काळातल्या दोन निकॉन लेन्स पडून आहेत, ५० एमएम एफ/१.८डी आणि ७०-३०० एफ/४-५.६डी, म्हणून कल निकॉनकडे आहे. (एमएमचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं, एफपुढचा आकडा लहान तितका लेन्स जास्त प्रकाश घेते.)

त्या लेन्ससाठी डी३५०० घेऊ नका. निकॉन घ्यायला माझी ना नाही, उलट तुम्हाला निकॉनच सुचवणार आहे. पण हे कारण चुकीचं आहे, आणि ही चूक लक्षात येते ती कॅमेरा घरी आणल्यावर.

निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवायचं कडं) १९५९ पासूनचा. त्यामुळे काकांच्या दोन्ही लेन्स डी३५००वर व्यवस्थित बसतील, एक्स्पोजरही (फोटोतला उजेड) बरोबर मिळेल. फक्त ऑटोफोकस होणार नाही. या लेन्समध्ये मोटरच नाही. निकॉनने सर्वसामान्य कॅमेऱ्यांत ऑटोफोकस आणलं तेव्हा मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत ठेवली आणि माउंटमधून बाहेर येणाऱ्या एका बारीक स्क्रूने लेन्स फिरवली. कॅननने १९८७ साली वेगळा रस्ता धरला. जुना माउंट मोडीत काढला, नवा ईएफ माउंट आणला आणि मोटर प्रत्येक लेन्समध्ये घातली. तेव्हा कॅननच्या जुन्या लेन्स असलेले लोक चिडले असतील तर नवल नाही, पण त्याचं फळ आज मिळतं. १९८७ची ईएफ लेन्ससुद्धा १५००डीवर ऑटोफोकस करते. निकॉनने मात्र २००६ मध्ये डी४० पासून नवशिक्यांसाठीच्या मॉडेल्समधली बॉडीतली मोटर काढून टाकली. डी३००० आणि डी५००० या दोन्ही मालिका तशाच आहेत. त्यांना एएफ-एस किंवा एएफ-पी असं लिहिलेली, स्वतःची मोटर असलेली लेन्स लागते.

हाताने फोकस करू, असं मनात येईल. डी३५००च्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस जुळला की हिरवा ठिपका उमटतो, त्याने शांत बसलेल्या माणसाचा फोटो छान निघतो. पण ५० एमएमने एफ/१.८ला दोन मीटरवरून फोटो काढलात तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दहा-बारा सेंटीमीटरचा असतो. नुकतं चालायला लागलेलं मूल एका पावलात त्याच्या बाहेर जातं. मी स्वतः माझ्या भाचीवर हा प्रयोग केला आहे. संध्याकाळभरात शंभरेक फोटो काढले आणि डोळे टिपलेले सहा-सात हाती आले.

आता तुमच्या खऱ्या गरजेकडे येऊ. घरातला फोटो म्हणजे कमी प्रकाश आणि हलणारं मूल. दोन्ही कॅमेऱ्यांसोबत १८-५५ किट लेन्स येते आणि दिव्याच्या उजेडात दोन्ही सारख्याच कमी पडतात. ३५ एमएमच्या आसपास किट लेन्स एफ/४.५ पर्यंत उघडते, तर एफ/१.८ची लेन्स तिच्या सहापट प्रकाश आत घेते. जिथे शटर १/३० सेकंद उघडं ठेवावं लागत होतं तिथे १/२०० च्या जवळ जाता येतं. १/३० ला मुलीचा हात धुरकट होतो, १/२०० ला बहुतेक वेळा थांबतो. दोन बॉडींमधला कुठलाही फरक तुमच्या फोटोंमध्ये याच्या निम्म्यानेही दिसणार नाही. म्हणून मी नव्या माणसाला आधी विचारतो की दुसरी लेन्स कुठली घेणार. ते ठरलं की कंपनीचा प्रश्न बराचसा सुटतो.

तुमच्यासाठी ती दुसरी लेन्स निकॉनकडे आहे, एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ/१.८जी. २००९ची लेन्स, छोटी, हलकी आणि निकॉनच्या स्वस्त लेन्सपैकी एक. कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम आणखी स्वस्त आहे, चांगलीही आहे, आणि बहुतेक लोक हौसेने तीच घेतात. पण या कॅमेऱ्यांचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, निकॉनचा दीडपट आणि कॅननचा १.६ पट. त्यामुळे १५००डीवर ५० एमएम लेन्स ८० एमएमसारखी वागते. तीन मीटरवरून चौकटीत जेमतेम १.३ मीटर रुंदी मावते. निकॉनवर ३५ लावलीत तर तेवढ्याच अंतरावरून दोन मीटर मावतात. मूल, त्याची खेळणी आणि शेजारी बसलेली आजी सगळं येतं. ५० ला भिंतीला पाठ टेकवूनही खोली पुरत नाही, हे अनेक घरांत बघितलंय. कॅननची २४ एमएम एफ/२.८ एसटीएम ही चपटी लेन्स खोलीसाठी योग्य रुंदीची आहे आणि मला मनापासून आवडते, पण एफ/१.८पेक्षा निम्म्याहून कमी प्रकाश घेते. तेवढ्याच स्वस्तात ३५ एमएम एफ/१.८ कॅननने स्वतः दिलेली नाही.

बॉडींबद्दल थोडक्यात. मेगापिक्सेल दोन्हींचे २४च्या घरात, ते विसरून जा. डी३५००चा सेन्सर सावलीतला तपशील जास्त राखतो. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काळोखा भाग उजळलात तर १५००डीत कण आणि पट्टे लवकर दिसतात. बॅटरी डी३५००ची फारच पुढे आहे, प्रमाणित चाचणीत १५५० फोटो विरुद्ध ५००. लागोपाठ फोटो सेकंदाला पाच विरुद्ध तीन. डी३५०० हलकाही आहे, पण पकड खोल असल्याने हातात छान बसतो. कॅननच्या बाजूने वायफाय आहे (डी३५००वर फक्त ब्लूटूथ, फोनवर छोट्या आकाराचे फोटो आपोआप जातात, मोठे नाही), आणि वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन फोटो आपोआप काढण्याची सोय आहे, जी निकॉनच्या या मालिकेत नाही. बाहेरून माइक लावायची सोय दोघांतही नाही. कॅननच्या त्वचेच्या रंगांची खूप तारीफ ऐकाल. थेट जेपीईजी वापरणार असाल तर तिच्यात तथ्य आहे. रॉ वापरायला लागलात की रंग तुमच्या हातात येतो.

१५००डीची एक खोट मात्र मोठ्याने सांगतो, कारण ती जाहिरातीत येत नाही. वर जिथे फ्लॅश बसतो त्या पट्टीतला मधला संपर्कबिंदू कॅननने या मॉडेलमध्ये काढून टाकला आहे. कॅननचा स्वतःचा फ्लॅश चालतो, पण फक्त त्या एका बिंदूवर चालणारे इतर कंपन्यांचे साधे, स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारी उपकरणं) चालतच नाहीत. घरात छताकडे तोंड केलेला फ्लॅश हा मुलांच्या फोटोंसाठी उत्तम उपाय आहे, त्यामुळे तुम्हाला याचा नक्की फटका बसेल. (परीक्षणं वाचताना २०००डी असं नाव दिसलं तर हाच कॅमेरा समजा. तो काही देशांत त्या नावाने विकला जातो.)

मोबाइलसारखा हात लांब करून, पडद्यात बघत फोटो काढायची सवय असेल तर दोन्ही कॅमेरे निराश करतील. पडद्यावर बघताना दोघांचंही फोकस मंद आहे, चाचपडत पुढेमागे होतं. फोटो व्ह्यूफाइंडरला डोळा लावूनच काढायचा. मुलीचे व्हिडिओ फोटोंइतकेच महत्त्वाचे असतील तर माझा सल्ला पूर्ण बदलतो. मग या दोघांना सोडून कॅनन २००डी मार्क २ बघा. त्यात ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस आहे, पडद्यावर चेहऱ्याला बोट लावलं की कॅमेरा त्याच्यामागे जातो, पडदा बाहेर वळतो आणि माइकही लावता येतो. फक्त ४के व्हिडिओत ते जलद फोकस मिळत नाही, आणि फ्लॅशचा तो मधला बिंदू त्यातही नाही.

पक्ष्यांसाठी कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम किंवा निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर, दोन्ही सुरुवातीला पुरतात. निकॉनच्या त्या लेन्सच्या दोन आवृत्त्या आहेत आणि डब्यावर व्हीआर ही अक्षरं नसतील तर हात स्थिर करणारी यंत्रणा त्यात नाही. ३०० एमएमला ती नसणं फार जाणवतं. विकत घेताना अक्षरं बोट ठेवून वाचा.

आता तुम्ही न विचारलेला तिसरा मार्ग, जो मी तुमच्या जागी आधी तपासला असता. निकॉनच्या डी७००० मालिकेत बॉडीतली मोटर शाबूत आहे. वापरलेला डी७१०० किंवा डी७२०० चांगल्या स्थितीत मिळाला तर काकांच्या दोन्ही लेन्स त्यावर ऑटोफोकस करतील. व्ह्यूफाइंडर मोठा आणि उजळ, फोकसचे ५१ बिंदू (डी३५००ला ११), बोटांसाठी दोन चक्रं, दोन कार्डांची जागा. वजन जास्त आहे. पण डी३५००चं उत्पादन निकॉनने थांबवलेलं आहे, दोन्ही कंपन्यांचा जोर २०१८ पासून मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) गेला आहे, त्यामुळे तसंही वापरलेलाच घ्यायचा तर वरच्या वर्गातला का घेऊ नये? निकॉनच्या फोटोत शटर किती वेळा उघडलं तो आकडा नोंदलेला असतो. विकणाऱ्याकडून त्याच दिवशी काढलेला, न बदललेला जेपीईजी मागून घ्या आणि तो आकडा वाचा.

म्हणजे काकांच्या लेन्स ठीक असतील तर वापरलेला डी७१०० किंवा डी७२००, आणि त्यावरही पुढे ३५ एफ/१.८ घ्याच. लेन्स खराब निघाल्या किंवा हलका कॅमेरा हवा असेल तर डी३५०० आणि तीच ३५.

लेन्स बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या. दोन्हीकडची झाकणं काढून एका बाजूने उजेड टाका, दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, ती लेन्स नव्या लेन्ससोबत एका बॅगेत ठेवू नका. थोडी धूळ असेल तर काही बिघडत नाही. बॉडीवर लावल्यावर पडद्यात एफईई असं काही दिसलं तर घाबरू नका, लेन्स बिघडलेली नाही. तिच्यावरचं ॲपर्चरचं (प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाचं) कडं सगळ्यात मोठ्या आकड्यावर, ५० एमएमच्या बाबतीत २२वर, फिरवून शेजारच्या छोट्या खटक्याने अडकवून टाका. त्यानंतर ॲपर्चर कॅमेऱ्यातूनच बदलायचं.